कोसोवोतल्या रस्त्यांवरच्या पाट्या: कोणासाठी लिहायच्या आणि कशा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सिव्हिल इंजिनिअर आहेत, कोसोवोत एका रस्त्याच्या प्रोजेक्टवर निघालेत, तिथे दिशादर्शक पाट्यांचं काम त्यांच्याकडे येणार आहे. अल्बेनियन, सर्बियन, कुठे तुर्की, वर इंग्रजी, हे सगळं एका पाटीवर कसं बसवायचं, आधी कुठलं नाव लिहायचं, आणि नाटोच्या शांतीसेनेच्या गाड्या तिथे फिरतात त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागतं का, असं त्यांनी विचारलंय. मी साइनेज आणि रस्ता सुरक्षेच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यातली काही वर्षं त्याच भागात गेली, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी उत्तर सांगून टाकतो. पाटी तिथे राहणाऱ्या लोकांसाठी लिहायची, दोन्ही भाषांतली नावं सारख्याच आकारात, आणि सैन्याला जे लागतं ते वेगळ्या खांबावर, वेगळ्या रंगात, आकड्यांत आणि चित्रांत द्यायचं. या दोघांना जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे रस्त्याचा नंबर आणि किलोमीटरचा दगड. बजेट कमी पडलं तर बाकी कशातही काटछाट करा पण त्या दगडांना हात लावू नका. का ते पुढे येतंच.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. कोसोवो आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान आहे, 11 हजार चौरस किलोमीटरच्या आत. तिथलं सर्ब-अल्बेनियन युद्ध थांबताना, 10 जून 1999 ला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा 1244 नंबरचा ठराव झाला, 12 जूनला केफोर म्हणजे नाटोच्या नेतृत्वाखालचं सैन्य आत शिरलं, सुरुवातीच्या काळात जवळपास 50 हजार जवान होते, तीसपेक्षा जास्त देशांचे. अमेरिकन पूर्वेला फेरिझायजवळ, ब्रिटिश मध्यभागी प्रिश्तिनात, फ्रेंच उत्तरेला मित्रोवित्सात, जर्मन दक्षिणेला प्रिझरेनला, इटालियन पश्चिमेला पेयाला. 2003 पर्यंत रशियनही होते. शिवाय मुलकी कारभारासाठी संयुक्त राष्ट्रांचं मिशन, त्यात जगभरातले पोलीस, आपल्या भारतातलेही होते. 2008 मध्ये कोसोवोने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं (भारताने त्याला मान्यता दिलेली नाही), आणि केफोर आजही तिथे आहे, संख्या मात्र आता काही हजारांवर आली आहे.

आता विचार करा, त्या रस्त्यावर गाडी चालवतंय कोण. एक अल्बेनियन भाजीवाला, एक सर्ब म्हातारा जो आपल्या गावाहून मित्रोवित्साच्या हॉस्पिटलला निघालाय, आणि एक विशीतला इटालियन जवान जो मागच्याच आठवड्यात तिथे उतरलाय आणि सहा महिन्यांनी परत जाणार आहे. पहिल्या दोघांना रस्ता तसा पाठ असतो, त्यांना पाटी दिशेसाठी फार लागत नाही, पण आपल्या भाषेतलं नाव तिथे आहे की नाही हे त्यांना दिसतं, रोज दिसतं. तिसऱ्याला दिशाच हवी असते, नाव कुठल्या भाषेत आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, फक्त ते त्याच्या नकाशावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. गरजाच वेगळ्या आहेत, म्हणून एका पाटीने सगळ्यांचं समाधान होत नाही.

नावांचा घोळ कसा असतो ते सांगतो, कारण निम्मं काम तिथेच आहे. पश्चिमेकडचं मोठं शहर अल्बेनियनमध्ये पेया, सर्बियनमध्ये पेच. फेरिझायचं सर्बियन नाव उरोशेवात्स, स्केंदेरायचं सर्बित्सा, ही नावं ऐकून एकच गाव आहे असं कुणालाही वाटणार नाही. त्यात अल्बेनियन भाषेत गावाच्या नावाला दोन रूपं असतात, वाक्यात कसं आलंय त्यावर शेवटचा स्वर बदलतो, म्हणून एका पाटीवर शेवटी ए (वर दोन टिंबं) दिसतो आणि पुढच्या पाटीवर आ, गाव तेच. त्यातच युद्धानंतर काही गावांना लोकांनी नवीन अल्बेनियन नावं वापरायला सुरुवात केली, ग्लोगोवात्सला द्रेनास, सुवा रेकाला थेरांदा, पोदुयेवोला बेसियाना. म्हणजे नकाशावर ग्लोगोवात्स, पाटीवर ग्लोगॉत्स, आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा हात करून सांगतोय द्रेनास तिकडे. नवीन आलेला माणूस तीन गावं शोधत बसतो.

यावर संयुक्त राष्ट्रांच्या मिशनने जुलै 2000 मध्ये एक नियम काढला, 2000/43, त्यात तेव्हाच्या 30 नगरपालिकांची नावं अल्बेनियन आणि सर्बियन दोन्हींत ठरवून दिली. पुढे 2006 चा भाषावापराचा कायदा आला, त्याने दोन्ही भाषांना समान दर्जा दिला, एखाद्या नगरपालिकेत एखाद्या समाजाची वस्ती किमान 5 टक्के असेल तर त्यांचीही भाषा तिथे अधिकृत धरली, आणि प्रिझरेनमध्ये तुर्कीला हा दर्जा टक्केवारी न बघता दिला. रस्त्यांच्या, गावांच्या पाट्या अधिकृत भाषांत असल्या पाहिजेत हेही त्यात आहे. भाषा आयुक्तांचं ऑफिससुद्धा आहे, लोक तिथे तक्रार करतात. त्यामुळे तुमचं पहिलं काम ड्रॉइंग काढण्याचं नाही, पहिलं काम नावांची यादी करणं. तुमच्या पट्ट्यातलं प्रत्येक गाव, फाटा, नदी, पूल, आजच्या कायद्याप्रमाणे दोन्ही भाषांतलं नाव, अक्षरावरच्या टोपी-टिंबांसकट, त्याच्यासमोर लोकांच्या तोंडी असलेलं नाव, आणि लष्करी नकाशावर जे छापलंय ते. चार रकाने. ही यादी नगरपालिकेकडून सही घेऊन पक्की करा, मगच पाट्या कापायला द्या, आणि त्याची कॉपी पोलीस, ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड आणि केफोरच्या संपर्क टीमला द्या. बरेच जण ही यादी कंत्राटदारावर सोडतात. कंत्राटदाराचा ऑपरेटर अल्बेनियन असेल तर सर्बियन नावावरची टोपी उडते, सर्ब असेल तर उलटं होतं. मुद्दाम कुणी करत नाही, पण ज्याचं नाव चुकलंय त्याला ते मुद्दामच वाटतं, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही वाटलं असतं.

आता काळं फासणं. बेळगावचा बोर्डांचा इतिहास माहीत असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. कोसोवोत अल्बेनियन बहुसंख्य भागात सर्बियन नावावर स्प्रे मारलेला दिसतो, उत्तरेला सर्ब भागात अल्बेनियन नावावर. नुसत्या पाट्या बघत गेलं तरी कुठे कुणाची वस्ती आहे ते कळतं. आणि स्प्रे मारणारा कधीच दोन्ही नावांवर मारत नाही, नेमकं दुसऱ्याचं नाव पुसतो, म्हणजे पाटी काम करत राहते, फक्त एका समाजासाठी. हे मला आजही अस्वस्थ करतं, कारण त्या म्हाताऱ्या सर्ब माणसाला रस्ता माहीत असतो, पाटीची त्याला गरज नसते, पण रोज जाता-येता त्याच्या गावाचं नाव खोडलेलं त्याला दिसतं. उलट उत्तरेतल्या अल्बेनियन कुटुंबालाही तेच.

यावर तांत्रिक उपाय आहेत आणि ते करायचेच. पाटीवर ग्राफिटी पुसता येणारी वरची पारदर्शक फिल्म लावा, ती महाग पडते पण सॉल्व्हंटने स्प्रे निघतो, नाहीतर रिफ्लेक्टिव्ह शीट खराब होते आणि रात्री पाटी मेलेलीच. दोन भाषांसाठी दोन वेगळ्या पट्ट्या एकाखाली एक लावायची आयडिया बऱ्याच जणांना सुचते, दुरुस्तीला सोपं म्हणून. ती करू नका. वेगळी पट्टी असली की चार बोल्ट काढून दुसऱ्याचं नाव उचलून नेता येतं आणि पाटी जणू मुळातच एका भाषेत होती अशी दिसते. एकच अखंड पत्रा घ्या, दोन्ही नावं त्यावरच. शक्य असेल तिथे खालची कड माणसाचा हात पोचणार नाही इतकी उंच ठेवा.

पण खरा फरक पडतो तो पाटी कोण लावतंय आणि खराब झाल्यावर किती लवकर साफ होते यावर. परदेशी सैनिकांनी येऊन लावलेली पाटी ही बाहेरच्यांची पाटी होते. नगरपालिकेच्या माणसांनी, त्यांच्याच युनिफॉर्ममध्ये लावलेली जास्त टिकते असा माझा अनुभव आहे. आणि स्प्रे मारल्यावर दोन दिवसांत साफ केलं, परत मारलं, परत साफ केलं, की हळूहळू मारणाऱ्याचा उत्साह जातो, पण तीच पाटी सहा महिने तशीच ठेवली तर गावाने ते मान्य केलं असा त्याचा अर्थ होतो. म्हणून देखभालीचं कलम कंत्राटात आधीच घाला, प्रत्येक पाटीचा नंबर, जीपीएस, फोटो, आणि साफ करायची मुदत.

आधी कुठलं नाव, हा प्रश्न सगळ्यात नाजूक. साधारण त्या नगरपालिकेतल्या बहुसंख्यांची भाषा वर, दुसरी खाली, अक्षरं तेवढीच, जाडी तेवढीच, रंग तोच. क्रम एकदा ठरला की पूर्ण नगरपालिकेत तोच ठेवा, चौकाचौकात बदलू नका. लोक क्रम एक वेळ सहन करतात, पण लहान अक्षरं सहन करत नाहीत आणि करूही नयेत. सर्बियन ही सिरिलिक (रशियनसारखी लिपी) आणि लॅटिन (इंग्रजीची लिपी) दोन्ही लिप्यांत लिहिली जाते आणि सर्ब माणूस दोन्ही सहज वाचतो, त्यामुळे दिशादर्शक पाटीवर लॅटिन घेतली तर परदेशी ड्रायव्हरचंही काम होतं आणि वेगळी इंग्रजी ओळ लागत नाही. पण हे तुम्ही परस्पर ठरवायचं नाही. उत्तरेत लोकांना सिरिलिक हवी असते, तिथल्या नगरपालिकेला विचारा.

इंग्रजीची तिसरी ओळ टाका असा आग्रह कुणीतरी परदेशी सल्लागार धरणारच. नको म्हणून सांगा. गावाच्या नावाला इंग्रजी लागतच नाही. आणि रस्त्यांवरच्या चिन्हांचा 1968 चा व्हिएन्ना करार, ज्यात युगोस्लाव्हिया होता आणि ज्याच्या चिन्हांवर तिथली सगळी पद्धत उभी आहे, तो स्पष्ट म्हणतो की एका पाटीवर दोनपेक्षा जास्त भाषा नसाव्यात. त्यामागे साधं गणित आहे. अक्षराच्या दर सेंटिमीटर उंचीला साधारण 5 मीटरवरून वाचता येतं असं धरा, म्हणजे 20 सेंटिमीटरचं अक्षर 100 मीटरवरून. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे हातात साडेचार सेकंद, त्यातलाही शेवटचा तुकडा वाया जातो कारण जवळ गेल्यावर पाटी नजरेच्या बाजूला जाते. तीन गावं दोन भाषांत म्हणजे सहा ओळी झाल्या, तेवढंच कसंबसं वाचून होतं. तिसरी भाषा घातली की नऊ ओळी, आणि मग ड्रायव्हर पाटी वाचायला ब्रेक मारतो, मागे दोन लेनच्या रस्त्यावर ट्रक असतो. म्हणून एका पाटीवर तीनपेक्षा जास्त ठिकाणं देऊ नका, दोन दिलीत तर अजून चांगलं. सगळी कॅपिटल अक्षरंही नकोत, पहिलं मोठं आणि बाकी लहान ठेवा, शब्दाचा आकार लांबून ओळखू येतो आणि टोप्या-टिंबांना जागा मिळते.

मग प्रिझरेनसारख्या ठिकाणी तीन भाषा कशा बसवायच्या? प्रिझरेन हे नाव तिन्ही भाषांत एकाच स्पेलिंगने लिहितात, तिथे एकच ओळ पुरते, उगाच तीनदा लिहू नका. जिथे नाव वेगळं आहे तिथे तिसरी भाषा गावाच्या वेशीवरच्या पाटीवर द्या, तिथे वेग कमी असतो आणि मानाचा प्रश्नही मुख्यतः वेशीवरच असतो. हायवेवरच्या दिशादर्शकावर दोनच.

आता सैन्य. तिथल्या पुलांजवळ पिवळ्या गोल पाट्या दिसतील, काळे आकडे, बाण, कधी रणगाड्याचं आणि चाकाच्या गाडीचं चित्र. ती नाटोची लोड क्लासची पाटी, म्हणजे पुलाला लष्करी गाडीचा किती भार झेपतो ते सांगणारी. शीतयुद्धाच्या काळात जर्मनीत अशा पाट्या पुलापुलावर होत्या, पद्धत तीच आहे. दोन बाण म्हणजे दोन्ही बाजूंनी वाहतूक चालू असताना चालणारा क्लास, एक बाण म्हणजे एकेक गाडी एका दिशेने सोडली तर चालणारा क्लास, आणि मोठ्या पुलांवर चाकांच्या आणि रणगाड्यासारख्या साखळी-पट्ट्यांच्या गाड्यांसाठी वेगवेगळे आकडे. प्रत्येक लष्करी गाडीवर तिचा क्लास लिहिलेला असतो, ड्रायव्हर दोन आकडे जुळवतो आणि पुढे जातो किंवा थांबतो. एकही शब्द वाचावा लागत नाही, म्हणून फिनिश, तुर्की, पोर्तुगीज सगळ्यांना चालतं. मला ही पद्धत मनापासून आवडते.

पण इथे एक धोका आहे. तो आकडा म्हणजे टन नाही. तो क्लास आहे, वजनाबरोबर आक्सलमधली अंतरं आणि भार कसा पसरतो ते धरून काढलेला. स्थानिक ट्रकवाला पिवळ्या पाटीवर 50 बघतो आणि समजतो की 50 टनाला परवानगी आहे. म्हणून प्रत्येक अशा पुलावर मुलकी वजनमर्यादेची पाटी, लाल कडेची गोल, टनातली, वेगळ्या खांबावर आणि आधी दिसेल अशी हवीच, कारण ट्रकवाल्याला बांधील असलेला कायदा तोच आहे. आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये पुलाची दुरुस्ती असेल, नवीन स्लॅब किंवा अजून काही, तर पिवळी पाटी काढून ठेवून काम झाल्यावर तीच परत लावू नका. पुलाची ताकद बदलली की क्लास परत काढावा लागतो आणि ते काम लष्करी इंजिनिअरांचं आहे, त्यांना लेखी कळवा. जुना आकडा नवीन पुलावर हा सगळ्यात वाईट प्रकार, पूल दुरुस्तीनंतर कमजोर झाला असेल असं नाही, पण कुणालाच नक्की माहीत नसतं आणि वर 60 टनांचा रणगाडा येतो.

दुसरं म्हणजे रस्त्यांची लष्करी नावं. केफोरने मुख्य रस्त्यांना हॉक, लायन, डक अशी प्राण्या-पक्ष्यांची नावं दिली होती. वायरलेसवर कुठल्याही देशाच्या माणसाला बोलता यावीत म्हणून, आणि ती सोय खरीच होती. त्रास कुठे होतो, तर अपघात झाल्यावर. जवान वायरलेसवर सांगतो हॉकवर अमुक ठिकाणी, ते पोचतं त्याच्या कंट्रोल रूमला, तिथून दुभाषी स्थानिक पोलिसाला फोन करतो, त्याला हॉक म्हणजे काय ते माहीत नाही, दुभाषी गावाचं नाव सांगतो ते दुसऱ्या भाषेतलं, ॲम्ब्युलन्स भलत्या फाट्यावर. यात ॲम्ब्युलन्सवाल्याची काहीच चूक नसते.

इथेच किलोमीटरचा दगड कामाला येतो. रस्त्याचा नंबर आणि किलोमीटर, हे अल्बेनियन नाही, सर्बियन नाही, इंग्रजी नाही, आणि माझ्या पाहण्यात त्यावर कुणी स्प्रे मारला नाही, कारण तिथे कुणाचंच नाव नसतं. म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक किलोमीटरला दगड, मोठ्या रस्त्यावर मधे 500 मीटरलाही लहान खूण, दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी, रिफ्लेक्टिव्ह, बर्फात बुडणार नाही इतकी उंच, कारण तिथे हिवाळ्यात चांगला बर्फ पडतो. आणि प्रत्येक दिशादर्शक पाटीवर रस्त्याचा नंबर नावांपेक्षा ठळक. तुमच्या त्या चार रकान्यांच्या यादीत पाचवा रकाना नंबर आणि किलोमीटरचा करा, मग पोलीस, ॲम्ब्युलन्स आणि सैन्य एकाच आकड्यावर बोलायला लागतात.

सैन्याच्या तात्पुरत्या बाणपाट्यांचंही बघा, युनिटची खूण आणि बाण असलेल्या, चौकात दिव्याच्या खांबाला तारेने बांधलेल्या. तुकडी बदलते, कॅम्प हलतो, पाटी तिथेच राहते आणि पुढच्या तुकडीचा जवान बंद पडलेल्या कॅम्पकडे वळतो, कधी अशा गावात जिथे त्या क्षणी सैन्याची गाडी दिसणं बरं नसतं. संपर्क अधिकाऱ्याशी एवढंच ठरवा की तुमच्या खांबांवर काही बांधायचं नाही, त्यांना त्यांचे वेगळे खांब द्या, आणि तुकडी बदलताना कुठली पाटी काढली त्याची यादी घ्या.

धोक्याच्या पाट्यांचं थोडक्यात. सुरुंगाची पाटी, तुटलेला कठडा, पूल बंद, शाळा, इथे शब्दांवर अजिबात अवलंबून राहू नका. चित्र आणि रंग. लहान मुलं वाचत नाहीत, परदेशी जवानाला वाचता येत नाही. सुरुंगाचा संशय असेल तिथे पाटी तुम्ही लावायची नाही आणि काढायची तर मुळीच नाही, तुमची माणसं रस्त्याच्या कडेला खड्डे खणणार आहेत, तेव्हा खांबाची जागा ठरवण्याआधी तो पट्टा साफ आहे असं लेखी घ्या.

हे फक्त कोसोवोपुरतं नाही. सायप्रसला 1964 पासून शांतीसेना आहे, आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या तिथे तिचे कमांडर होते आणि तिथेच वारले. तिथे दक्षिण भागातल्या पाट्यांवर ग्रीक नाव पिवळ्यात आणि लॅटिन लिपीतलं पांढऱ्यात असतं, दोन लिप्या डोळ्याला पटकन वेगळ्या करायची ही चांगली युक्ती. पण ती एकाच नावाच्या दोन लिप्यांना चालते, दोन समाजांच्या दोन भाषांना वेगळे रंग दिले की कुणाचा रंग जास्त उठून दिसतो यावर नवीन भांडण. दक्षिण लेबनॉनमध्ये आपली भारतीय बटालियन 1998 पासून आहे, तिथे अडचण वेगळी, अरबी नाव एकच पण लॅटिन लिपीत त्याची दोन-तीन स्पेलिंगं, फ्रेंच वळणाचं एक, इंग्रजी वळणाचं दुसरं. तिथेही उपाय यादीचाच, एक स्पेलिंग ठरवायचं आणि पाटी, नकाशा, वायरलेस तिन्हीकडे तेच वापरायचं.

शेवटचं, काम ताब्यात घेतानाचं. ऑफिसात बसून फोटो बघून पाट्या पास करू नका. एक अल्बेनियन, एक सर्ब आणि एक नवीन आलेला परदेशी ड्रायव्हर, तिघांना वेगवेगळं गाडीत बसवा, रात्री, डिपर लावून, ठरलेल्या वेगाने, आणि प्रत्येक फाट्याआधी विचारा कुठे वळायचं. ज्या पाटीवर तिघांपैकी एकही अडखळला ती परत करा. कंत्राटात ही रात्रीची चाचणी आणि बिलातला राखून ठेवायचा हिस्सा दोन्ही सही होण्याआधी घालून घ्या, नंतर कंत्राटदार ऐकत नाही.